आरक्षणाची सून

॥ श्री ॥

मु. पो. बोरमळा, ता. शिरूर
२६ एप्रिल

ती. गं. भा. सरूआक्कास,
धाकटा भाऊ हौसराव याचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनची सोय राहिली नाही, आणि मोबाईलवरचं बारीक अक्षर तुला दिसत नाही, म्हणून पुन्हा पेन हातात धरलंय. अक्षर आहे तसं गोड मानून घे.

काल शिरूरला तहसीलात सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत झाली. सगळ्या तालुक्याचे पुढारी एका हॉलमध्ये कोंबलेले. समोर बरणीत चिठ्ठ्या, आणि शाळेतली एक पोर एकेक काढून देणार. मी देव पाण्यात ठेवून बसलो होतो. मागच्या वेळी आपल्या गावाला अनुसूचित जाती महिला निघालं, त्याच्या आधी ओबीसी. आता तरी खुलं निघावं आणि आपल्या सत्यजीतला उभा करावा, असं मनात होतं. चिठ्ठी निघाली सर्वसाधारण महिला. हसावं की रडावं कळेना.

सविताला उभी केली असती, पण तुला ठाऊकच आहे. स्वराज आमचं तिसरं अपत्य, तेही कायदा लागल्यानंतरचं. त्यामुळे मी आणि सविता दोघंही निवडणुकीतून जन्माचे बाद. ऋतिका पाटसला दिलेली, ती तिकडची मतदार. राहता राहिला एकच मार्ग, सत्यजीतचं लग्न. नाही तरी तीन वर्षं आपण मुली बघतोच आहोत. पाण्याच्या जारचा त्याचा धंदा चांगला चाललाय, रांजणगावच्या चार कंपन्यांना त्याचे जार जातात. पण मुली पहिला प्रश्न विचारतात, पुण्यात फ्लॅट आहे का.

तुझ्या दौंडात कुणी असेल तर बघ. मुलगी शिकलेली हवी, चार माणसांत बोलणारी, पण घरात ऐकणारी. निवडणूक कधीही लागेल आणि मतदार यादीत नाव चढायला वेळ लागतो, म्हणून मे महिन्यात अक्षता पडल्याच पाहिजेत. मुहूर्त भटजी बघतील, तू मुलगी बघ.

कळावे, आजवर ठेवलास तसा लोभ ठेव.
तुझा
हौसराव


दौंड
३० एप्रिल

चि. हौसरावास,
सरूआक्काचे अनेक आशीर्वाद.

पहिली गोष्ट, मला गं. भा. लिहीत जाऊ नकोस. तुझे दाजी गेल्याचं मला रोज सकाळी चहाच्या वेळी आठवतं, त्यासाठी पाकिटावरून आठवण नको.

दुसरी गोष्ट, लोक सुनेसाठी घर बांधतात, गाडी घेतात. सरपंचपदासाठी सून आणणारा मी तुलाच पाहिला. शेजारची सुषमा म्हणते की हल्ली सगळीकडे असंच चालतं. असेल. तुझे दाजी रेल्वेत रिझर्वेशनच्या खिडकीवर होते, त्यामुळे आमच्या घरात हा शब्द उठता बसता असायचा. ज्याच्या नावावर जागा त्यानं तिथं बसायचं, दुसरा बसला तर टीसी येऊन उठवणार, एवढाच त्याचा अर्थ मला माहीत. तुमच्या गावातलं आरक्षण मात्र उलटं दिसतं. बाईनं नाव द्यायचं आणि बाप्यानं बसायचं.

आता मुलीचं. याच सुषमाची स्नेहल. तिचा बाप सतीश पाटसच्या कारखान्यात आहे, साधी माणसं. पोरगी केमिस्ट्री घेऊन बी. एस्सी. झालीय, रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीला आहे, कारेगावात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. माझ्या अंगाखांद्यावर वाढली आहे. बोलते स्पष्ट, पण उलट नाही. सत्यजीतला तिनं ऋतिकाच्या लग्नात पाहिलेलं आहे आणि तो तिला आवडलेला आहे, हे ती मला सांगणार नाही पण तिच्या कानांच्या पाळ्यांनी सांगितलं.

मी दोन गोष्टींचा शब्द सुषमाला दिलाय, तो तुझ्या वतीनं दिलाय हे ध्यानात ठेव. मुलीची नोकरी सुटणार नाही. आणि ती सरपंच झालीच, तर खुर्चीत तीच बसेल. हे मान्य असेल तरच सोयरिकीला या. रविवारी आलात तर बरं, मटण चांगलं मिळतं.

सविताला आशीर्वाद, स्वराजला गोड पापा, मिशा आल्या असल्या तरी.
तुझी
आक्का


बोरमळा
२५ जून

ती. आत्याबाईंस,
स्नेहलचा सा. न. वि. वि.

जन्मभर तुम्हाला आजी म्हटलं आणि आता सासरच्या नात्यानं आत्याबाई म्हणायचं, तर पत्र लिहितानाही जीभ अडखळते. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? आई म्हणाली की तुम्ही पुन्हा जिना चढून गच्चीवर पापड घालायला गेलात. असं करू नका.

मी इथं सुखात आहे. सासूबाई आणि सासरे आबा दोघंही मायेचे आहेत, सत्यजीत दिवसभर जारच्या गाडीवर असतो पण संध्याकाळी आठवणीनं काहीतरी घेऊन येतो, बहुतेक भेळच. माझी हळद निघायच्या आत आबांनी माझं नाव गावच्या मतदार यादीला लावायची व्यवस्था केली. फाट्यावर मोठं फ्लेक्स लागलंय. त्यावर आबा आणि सत्यजीत हात जोडून उभे आहेत, मी कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढी. खाली लिहिलंय, भावी सरपंच सौ. स्नेहलताई. परका माणूस बघेल तर त्याला भावी सरपंच आबाच वाटतील.

एक गोष्ट सांगते, आईला सांगू नका. मी नोकरीचा राजीनामा दिला. आबा रागावून काही बोलले नाहीत, समजुतीनंच म्हणाले की निवडणुकीपर्यंत लोकांत फिरावं लागेल, कंपनीच्या बसच्या रांगेत भावी सरपंच उभी बरी दिसत नाही, नंतर लागावं पुन्हा. सत्यजीतही म्हणाला की थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. तुम्ही दिलेल्या शब्दाची आठवण मी करून दिली नाही. नव्या घरात पहिल्याच महिन्यात शब्दावर बोट ठेवायचं कसं ते कळलं नाही.

पण आता खोटं कशाला सांगू, हे काम मला आवडायला लागलंय. आमच्याच कंपनीत पॅकिंगला असलेली सीमा या गावची निघाली, बौद्ध वस्तीतली. सेकंड शिफ्टच्या मुलींना बस फाट्यावर सोडते आणि तिथून गावापर्यंत रस्त्यावर एक दिवा नाही. मोबाईलचा उजेड पाडत, घोळका करून चालतात. मराठ्यांच्या पोरी आणि वस्तीतल्या पोरी, सगळ्या एकत्र. मी त्यांच्याबरोबर तो रस्ता चालून आले. निवडून आले तर पहिलं काम तिथले दिवे आणि फाट्यावर बसायला शेड, असं मी बायकांना सांगितलंय. त्या माझ्याकडे अशा बघतात की मला भीती वाटते.

सीमाची आई मागच्या वेळी राखीव जागेवर सरपंच होती. तिचा शिक्का आमच्याच घरी असायचा म्हणे, सही लागली की तिला बोलावणं जायचं. तिनं मला एकच शिकवलं, पोरी, शिक्का घरी न्यायचा न्हाई, हापिसातच ठेवायचा. गावात मला आरक्षणाची सून म्हणतात. मी हे सीमाला तक्रारीनं सांगितलं तर ती हसायलाच लागली. आयटीआयला तिला आरक्षणातून जागा मिळाली होती, म्हणून कंपनीत काही जण तिला मागून काय म्हणायचे ते मी तेव्हा ऐकलं होतं आणि गप्प बसले होते. ती म्हणाली, आता तुला कळलं, शब्द कुठं लागतो ते.

पत्राचं उत्तर लवकर द्या आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची
स्नेहल


बोरमळा
१९ जुलै

ती. सरूआक्कास,
हौसरावचा शि. सा. नमस्कार वि. वि.

या वेळी गं. भा. लिहिलेलं नाही, बघून घे.

आनंदाची बातमी. वरून आदेश आला आणि आधीची सोडत रद्द झाली. परवा नव्यानं चिठ्ठ्या काढल्या आणि आपलं गाव खुलं निघालं. सर्वसाधारण. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते पदरात पडलं. आता सत्यजीतच उभा राहणार. पॅनेलच्या सगळ्या मंडळींनी त्याच रात्री हॉटेलात बसून ठरवून टाकलं. दैव देतं तेव्हा असं छप्पर फाडून देतं.

लग्न उगाच घाईनं केलं असं काही जण म्हणतात. मी म्हणतो, सून तर चांगली मिळाली ना? सूनबाईंच्याही डोक्यावरचा भार उतरला. उन्हातान्हात फिरायला नको, कुणाची बोलणी खायला नकोत. तिचं फ्लेक्स काढलं आणि कांद्याच्या चाळीवर टाकलं, पावसात चांगलं कामाला आलं.

तू नोकरीबद्दल फार खोदून विचारलंस. सुषमाताईंना कुठून तरी कळलेलं दिसतं. कंपनीनं तिच्या जागी ठेकेदाराचा माणूस घेतला, आता घेत नाहीत. त्याला मी काय करू? घरात काय कमी आहे तिला? चार दिवस गप्प गप्प असते, होईल सुरळीत. पोरीबाळींना सासरी रुळायला वेळ लागतोच, तूही पहिलं वर्षभर रडत होतीस.

तब्येतीला जप. भावावर राग धरू नकोस.
तुझा
हौसराव


बोरमळा
२० नोव्हेंबर

ती. आत्याबाईंस,
स्नेहलचा सा. न. वि. वि.

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही म्हणून तुम्ही रागावलात, ते बरोबर आहे. लिहायला बसले की तक्रारच उतरायची, म्हणून कागद फाडून टाकत होते.

निवडणूक लागली. आज लिहिते आहे ते एका कामासाठी. आपल्याकडे सगळे असं धरून चालतात की महिला आरक्षण म्हणजे बायकांचं आणि खुलं म्हणजे पुरुषांचं. तसं नाहीये. खुल्या जागेवर कुणालाही उभं राहता येतं, बाईलाही. मी शिरूरला तहसीलातल्या मॅडमना जाऊन विचारून आले. सोडत बदलली म्हणून माझं उभं राहणं रद्द झालं नव्हतं, फक्त घरच्यांची गरज संपली होती.

मी हे जेवताना आबांना सांगितलं. ते चिडले नाहीत, हसले. म्हणाले, कायद्यात असंल, गावात न्हाई. बायकांना त्यांचं आरक्षण हाय की, ते आलं का तुझंच नाव. सासूबाईंनी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि विषय संपला. रात्री सत्यजीत स्वतःहून म्हणाला की हे काम त्याच्यापेक्षा मला जास्त जमेल. मी म्हटलं, मग सांग आबांना. तो सांगतो म्हणाला. अजून सांगतोच आहे. तो वाईट नाही आत्याबाई, वाईट असता तर मला भांडता आलं असतं.

आता मुद्द्याचं. पुढच्या आठवड्यात अर्ज भरायचे आहेत. सत्यजीतबरोबर माझाही अर्ज भरायचा असं आबांनीच सांगितलंय. त्याला इथं डमी म्हणतात. छाननीत मुख्य उमेदवाराचा अर्ज उडाला तर घरातला दुसरा हाताशी असावा म्हणून सगळेच भरतात आणि माघारीच्या दिवशी काढून घेतात. अर्ज खरा, सही खरी, फक्त माणूस डमी.

सीमा आणि कंपनीत जाणाऱ्या बायका मला अर्ज ठेव म्हणतात. सत्यजीतनं माघार घ्यावी आणि माझा राहावा, एवढंच आहे. घर एकच, पॅनेल एकच, पराभवाची भीती नाही. आबा तुमचं ऐकतात. तुम्ही एकदा लिहाल का? मी कुणाविरुद्ध जायला निघालेली नाही. ज्या कामाला मला आणलं तेच काम मला करू द्या, इतकंच मागते आहे.

थंडी पडली आहे, कान बांधत जा. माझ्या पाठीवर हात असू द्या.
तुमची
स्नेहल


दौंड
२४ नोव्हेंबर

चि. हौसरावास,
आक्काचे आशीर्वाद.

आज थट्टा करायला मन नाही. स्नेहलचा अर्ज राहू दे आणि सत्यजीतचा मागे घे. तुझ्या घरातलं पद तुझ्याच घरात राहतं, मग तुझं बिघडतं काय ते मला समजावून सांग. मुलगी हुशार आहे, गावानं तिला स्वीकारलेलं आहे. तूच तिला दारोदार फिरवलंस, तूच तिचं नाव फाट्यावर लावलंस. आता घरातल्या गाईसारखी गोठ्यात बांधून म्हणतोस की रुळेल.

सुषमा माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखी नाही. डबा आणून देते, उंबऱ्यातूनच परत जाते. मला ऐकू येत नाही हे बरं असं पहिल्यांदाच वाटलं. मी तिला शब्द दिला होता आणि तो तुझ्या जिवावर दिला होता. नोकरीचा शब्द तू मोडलास, मी गिळला. हा दुसरा मोडू नकोस.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडला तेव्हा कागद न वाचता सही केली, कारण भाऊ आहे म्हटलं. आज मागते आहे. यापुढे मागायची नाही.

तुझी
आक्का


बोरमळा
२९ नोव्हेंबर

ती. सरूआक्कास,
हौसरावचा नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचून सविता रडली. मलाही अन्न गोड लागलं नाही. पण आक्का, तुला वाटतं तितकं हे माझ्या हातात नाही. पॅनेलमधल्या नऊ घरांनी सत्यजीतच्या नावावर मान डोलावली आहे. आता बायकोला उभं करून नवरा मागे सरला तर पोरगा पदराआड लपला म्हणतील. दोन्ही अर्ज राहिले तर हौसरावचं घर फुटलं म्हणून समोरचे पेढे वाटतील. मी जन्मभर लोकांना शब्द देत आणि घेत आलो, आता त्यातच माझे हात बांधले गेलेत.

सून माझी वैरी नाही. काल रात्री ती जारच्या गाड्यांचा हिशेब सत्यजीतला करून देत होती, मी बघत होतो. त्याच्यापेक्षा ती चलाख आहे, हे मला कळतं. पण कळून उपयोग काय? पुढच्या खेपेला महिला निघालं तर पहिला अर्ज तिचाच, हा माझा शब्द.

आतापर्यंत केलंस तसं माफ कर.
तुझा
हौसराव


बोरमळा
२२ डिसेंबर

ती. आत्याबाईंस,
स्नेहलचा सा. न. वि. वि.

आबांनी तुमचं पत्र मला दाखवलं. लपवलं नाही, एवढं त्यांचं मानायला हवं. तुम्ही माझ्यासाठी मागणं मागितलंत आणि ते रिकामं परत गेलं, याचं मला माझ्या अर्जापेक्षा जास्त वाईट वाटलं. आईला मी फोन केला आणि सांगितलं की आत्याबाईंवर रुसायचं नाही. ती आता आत येऊन बसते ना?

माघारीच्या दिवशी सासूबाईंनी सकाळी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि स्वतःची पैठणी नेसायला दिली. म्हणाल्या, घरात वाकडं नको. गाडीत पुढे आबा, मागे मी आणि सत्यजीत. मी मनात ठरवलं होतं की सही करायची नाही. कुणी हात धरून करून घेणार नव्हतं. दुपारी तीनला मुदत संपेपर्यंत मी नुसती बसून राहिले असते तरी अर्ज राहिला असता. हे मला माहीत होतं, आबांना माहीत होतं, सत्यजीतला माहीत होतं.

आत गेल्यावर साहेबांनी कागद समोर ठेवला आणि विचारलं की माघार स्वखुशीनं आहे का, कुणाचा दबाव आहे का. आबा खिडकीतून बाहेर बघत होते. सत्यजीत मोबाईलकडे बघत होता, पण त्याचा स्क्रीन बंद होता. मी म्हटलं, दबाव नाही. बाहेर दुसऱ्या पॅनेलची घोषणाबाजी चालली होती, साहेबांना ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं सांगा म्हणाले. मग मी मोठ्यानं सांगितलं. आत्याबाई, एकदा बोललेलं तोंडातून निसटलं असं तरी म्हणता आलं असतं.

सत्यजीत निवडून आला. गुलाल उडाला, डीजे लागला, मी दारात ओवाळलं. तो खरंच आनंदात होता आणि मलाही त्याच्याकडे बघून थोडं बरं वाटलं, हेही लिहून टाकते. बौद्ध वस्तीतल्या आणि आमच्या आळीतल्या बायकांनीही त्यालाच मत दिलं. का दिलं ते मी विचारलं नाही.

परवा दळण घेऊन येताना फाट्यावर सीमा भेटली, बसची वाट बघत उभी होती. मला वाटलं बोलणार नाही, किंवा बोलेल तर चार शब्द सुनावेल. मी त्याची तयारी ठेवली होती. तिनं तसं काही केलं नाही. नेहमीसारखी हसली आणि विचारलं की आता रस्त्याच्या दिव्यांचं कुणाला सांगायचं, दाजींना, म्हणजे सत्यजीतला, का आबांना. तिला खरंच माहिती हवी होती. आमच्या सासूबाईंकडे तीस वर्षं बायका येतात, कुणाचं पाणी, कुणाचं रेशन कार्ड, कुणाच्या नवऱ्याचं पिणं, आणि सासूबाई प्रत्येकीला एकच वाक्य सांगतात. मी लग्न होऊन आले तेव्हा ते ऐकून मला हसू यायचं. सीमाची बस समोरून येत होती, वेळ नव्हता, आणि माझ्या तोंडून तेच निघालं. मी म्हटलं, मला सांग, मी घरात बोलून बघते.

लोभ वाढवा असं लिहायची आज हिंमत होत नाही, आहे तेवढा राहू द्या.
तुमची
स्नेहल